टपालवाल्याची नडगी

"पण पळायचं कधी, बाबा?"

भैरवगिरी गोसाव्यानं धुनीत लाकूड सारलं.

विचारणारा सटवाजी, करंजघाटाचा टपालवाला. पाठीला थैली, हातात घुंगरांची काठी. असा चढायचा की मिठाचे बैल हाकणारी आमची माणसं घुंगरं ऐकूनच वाट सोडत. पावसाळ्यात घसरला आणि नडगी मोडली. हाड गोसाव्यानं बसवलं, ते जुळलंही. पण तोवर टपाल घेऊन पळायचा त्याचा टप्पा पिराजी नावाच्या नवख्याला मिळाला होता.

"काठीशिवाय चालतो मी. परवा थोडा पळालोही."

"मग?"

"...पाय सुजला."

"गावात कुणी गेलं की खांदा द्यायला जात जा," गोसावी म्हणाला. "तेवढंच चाल. एरवी बसून राहा."

"मढी वाहू? मी?"

"त्यांना घाई नसते."

पहिल्याच मयताला सटवाजी पुढच्या बाजूला लागला आणि सवयीनं सुटला. तिरडी कलली. मागचा म्हातारा खेकसला, "अरे ए! म्हातारी आहे ती, टपाल नव्हे!"

लोक हसले. मयतात हसले, म्हणजे बघा.

पुढं सुधारला. एकट्याच्या पाठीवरचा माल कसाही न्यावा. चौघांच्या खांद्यावरचा माल चौघांच्या चालीनंच जातो. त्या चालीत त्याची सूज उतरली.

खोड तेवढी उतरली नाही. दर बाजाराला तो टपालाच्या चौकीवर जाऊन पिराजीपुढं शड्डू ठोकायचा.

"काठीला तेल लावून ठेव रे. दसऱ्याला परत घेणार आहे."

"घ्या की, सटवाभाऊ. तुमचीच आहे," पिराजी हसून म्हणायचा.

एका बाजाराला पिराजी हसला नाही. सटवाजीला त्याचीच गंमत वाटली. गोसाव्याच्या मठात येऊन त्यानं ती रंगवून सांगितली आणि पाय पुढं केला.

"बघा, बाबा. आता दुखत नाही."

गोसाव्यानं पायाला हातही लावला नाही.

"दुखत नाही, हे खरं," तो म्हणाला. "बरा झालेला नाही."

दसरा तोंडावर आला आणि एका सकाळी घाटातून घुंगरं वाजलीच नाहीत. पिराजी कड्याखाली सापडला. थैली पाठीला बांधलेली तशीच होती.

सटवाजी खांद्याला गेला. तरणा देह, जड होता.

सरणावर ठेवताना दिसलं, पिराजीचा घोटा चिंधीनं करकचून आवळला होता. बापानं चिंधी सोडली. आत सगळं काळंनिळं.

"कितीदा म्हटलं, चार दिवस बस," बाप कुणाकडंही न बघता बोलत होता. "तर म्हणे, बसलो की सटवाभाऊ टप्पा नेणार."



मग बाप सटवाजीकडं वळला. ओरडला नाही.

"तू नीट चाललास हो," तो म्हणाला. "माझ्या लेकराला धक्का लागू दिला नाहीस."

चिता पेटली. लोक परतले.

उन्हं कलताना सटवाजी मठाच्या दारात उभा होता. आत येत नव्हता.

"चौकीवरून बोलावणं आलं, बाबा. टप्पा माझा झाला. थैली दिली, काठी दिली."

"मग?"

"घाटाच्या तोंडाशी गेलो. नडगी ठणकत नाही. सूज नाही..."

"मग?"

"पाय उचलत नाही. काठीची घुंगरं वाजली की पिराजी दिसतो."

गोसावी उठला. उंबऱ्याशी येऊन त्याच्या पायाशी बसला आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत नडगी बोटांनी चाचपत गेला. बराच वेळ.

"आता बरा झाला," तो म्हणाला. "जा. टपाल खोळंबलंय."