बोळक्याचं भोक

मडकी आपल्या कुंभारणीशी बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. यसाबाई कुंभारणीने अंगणातल्या जास्वंदीवर एक सरडा पाळला होता. तो आजारी पडला. ती रोज त्याच्यापुढे नाकतोडे सोडी आणि आपल्या सर्वांत सुबक बोळक्यात काठोकाठ पाणी भरून ठेवी. पण सरडा खाईना, पिईना. त्याचे डोळे खोल गेले, रंग राखेसारखा झाला.

“एवढं स्वच्छ पाणी समोर असताना तहानेने मरतोस?” बोळकं रागावलं. “माझा अपमान करतोस का रे?”

“पाणी कुठं आहे, दादा?” सरडा क्षीण आवाजात म्हणाला. “तुझ्यात मला नुसतं आभाळ दिसतं. आम्ही पाणी ओळखतो ते पानावरून ओघळणाऱ्या थेंबांत. जीभ कोरडी पडलीय, नाकतोडा धरू कशाने?”

मग बोळकं यसाबाईला म्हणालं, “आई, माझ्या तळाला भोक पाड आणि मला वरच्या फांदीला टांग.”

“वेडं की काय तू? मग तुझ्यात पाणी राहील का?”

“आजवर राहिलं, त्याचा याला काय उपयोग झाला?”

यसाबाईने खिळा टेकवून हलकेच ठोका दिला आणि बोळकं वरच्या फांदीला टांगून पाण्याने भरलं.

पानांवर थेंब पडू लागले. सरड्याने एक चाटला, मग दुसरा. तिसऱ्या दिवशी त्याची जीभ नाकतोड्यावर झेपावली.

तोवर बोळकं पुन्हा रिकामं झालं होतं. यसाबाई घागर घेऊन उठली.