अंगवळणी पडलेला गारवा

“दालन तापलंय! रंभाजी, पाणी मारायला आळस करतोस!” रणधवल महाराज गादीवरून गरजले.

रंभाजीच्या तोंडचं पाणी पळालं. खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या पडद्यांवर दिवसभर पाणी शिंपडून दालन गार ठेवणं, हे त्याचं काम. ते त्यानं चोख केलं होतं. पण महाराज सकाळपासून तिथेच लोळत होते, हे त्यांना सांगणार कोण?

“उद्या भर दुपारी हे दालन मला सकाळी लागतं तसं गार लागलं पाहिजे! विहीर आटत आलीय, तेव्हा एक घागरही जास्त मिळणार नाही. जमलं नाही तर चाकरी गेली!”

रंभाजीची लेक सगुणा तिथेच पडदे भिजवत होती. बापाचा उतरलेला चेहरा बघून तिला महाराजांचा राग आला.

“करते की, सरकार! फक्त उद्या घटकाभर मी नेईन तिकडं यायचं.”

“तू?” महाराजांनी मिशीला पीळ दिला. “बरं, येऊ!”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सगुणानं त्यांना नेलं ते थेट मुदपाकखान्यात. आठांपैकी सहा चुली धडधडत होत्या आणि आचारी नारोपंत खुशाल गुणगुणत पुरण घाटत होते. महाराजांचा फेटा भिजला, पीळदार मिशा लोंबायला लागल्या.

“पंत, तुम्हाला उकडत नाही?”

“छे! आज दोन चुली बंदच आहेत, महाराज!”

घटका कशीबशी भरली. महाराज जवळजवळ पळतच दालनात परतले आणि गादीवर पसरले. “अहाहा! काय गारवा! किती घागरी जास्त ओतल्यास गं?”

“एकही नाही, सरकार.”

महाराजांचा विश्वास बसेना. तेवढ्यात पुरणपोळ्यांचं ताट घेऊन मागोमाग आलेले नारोपंत दारातच कुडकुडले. “महाराज, एखादी शाल मिळेल का?”

महाराज कधी पंतांकडे बघत, कधी पडद्यांकडे. “मग काल बिघडलं होतं काय?”

“काहीच नाही, सरकार. गारवा होता तिथंच होता. तुमच्या अंगवळणी पडला होता!”

“आणि उद्या पुन्हा पडला तर?”

“तर पुन्हा चुलीपाशी यायचं. आलाच आहात तर चार पोळ्याही लाटायच्या!”

पडद्यांवर पाणी शिंपडणाऱ्या रंभाजीनं घाबरून डोळेच मिटले.

पण महाराज पोट धरधरून हसले! त्यांनी रंभाजीची चाकरी जन्मभरासाठी पक्की केली आणि हातातलं सोन्याचं कडं काढून सगुणाला दिलं. नारोपंतांना शाल मिळाली.