करकोच्यांचे वऱ्हाड

एका राज्यात, ज्याच्या पूर्वेला डोंगर होते आणि पश्चिमेला समुद्र, शूरपाल नावाचा राजा राज्य करीत असे. त्याला एकच कन्या, शाल्मली. तिचे लग्न समुद्रापलीकडच्या बेटावरच्या ओर्वानशी ठरले. ओर्वान जहाजे बांधणारा. तीन वर्षे तो राजाच्या बंदरात राहिला, इथले मीठ खाल्ले, इथली भाषा शिकला. शाल्मलीने त्याची भाषा शिकून घेतली. राजाने लग्नाला होकार दिला. पण तो ओठांवरचा होकार होता.

हळदीच्या दिवशी सात जहाजे किनाऱ्याला लागली. दोनशे माणसे उतरली. ओर्वानची आई इल्मा, त्याचे मामा, मावश्या, लहानपणीचे मित्र. त्यांनी मधाचे बुधले आणले, माणसाच्या उंचीचे ढोल आणले. मांडवात शिरताना कोणी जोडे काढायला विसरले, कोणी हाती दिलेल्या अक्षता खाऊन टाकल्या. इल्मा पाटावर बसलेल्या शाल्मलीजवळ गेली आणि आपल्या देशाच्या रीतीने तिने तिच्या दोन्ही डोळ्यांचे मुके घेतले. इल्माच्या नाकाला हळद लागली. शाल्मलीला हसू आले.

तेवढ्यात राजमांत्रिक वज्रनाथ उठला. त्याने तळहातावरची राख फुंकली आणि दोनशे पाहुणे करकोचे झाले.

ओर्वान तेवढा माणूस राहिला. ज्याने तीन वर्षे इथले मीठ खाल्ले, त्याला ती राख बाधत नसे.

करकोचे मांडवभर लांब पाय टाकीत फिरू लागले. पिवळ्या चोचीचा एक करकोचा शाल्मलीपुढे येऊन बेटाच्या भाषेत म्हणाला, "मुली, माझे हात कुठे गेले?"

ती इल्मा होती. दरबारी लोकांना शब्द कळले नाहीत, पण आवाज ऐकून ते हसले. प्रधान हसला, मानकरी हसले, राजाची बहीण पदर तोंडाला लावून हसली. राजा हसला नाही. तो जमिनीकडे पाहत राहिला.

शाल्मली पाटावरून उठली. तिने मुंडावळ्या तोडून टाकल्या.

"कोण हसले?" तिने विचारले. "माझ्या सासूने तुमचे काय बिघडवले होते? ती समुद्र ओलांडून माझ्या लग्नाला आली. वज्रनाथ, शाप मागे घ्या."

"बांधलेला शाप मला सोडवत नाही, राजकन्ये," वज्रनाथ शांतपणे म्हणाला. "तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला, की हे पक्षी उडून जातील. माणूसपण विसरतील. मग मांडव शुद्ध होईल."

शाल्मलीच्या अंगाची आग झाली. ती वडिलांकडे वळली. "आबा, तुम्ही काही बोलत नाही?"

"मांत्रिकाचे शास्त्र वेगळे असते, बाळ," राजा म्हणाला.

ओर्वानने पक्ष्यांना तळ्याकाठी नेले आणि तो त्यांना एकेकाच्या नावाने हाका मारीत बसला. नाव विसरले की ते सारेच विसरतील, हे त्याने ओळखले होते. दोनशे नावे संपली, की तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. त्याचा घसा बसला, तरी तो थांबला नाही.

राजवाड्याच्या सज्जात एक म्हातारी साळुंकी राहत असे. ती शाल्मलीच्या खांद्यावर उतरली. "शापाच्या दोरीचे तीन तुकडे आहेत. प्रत्येकाला एक गाठ. एक तुकडा बारवेतल्या नागाजवळ. दुसरा लोखंडी झाडाच्या शेंड्यावर. तिसरा कुठे, ते दोन आणलेस की सांगीन."

"आत्ताच सांग."

"आत्ता सांगितले, तर तुझे पाय गळतील."

शाल्मली हळदीच्या अंगाने निघाली. बारवेत सात फण्यांचा नाग एका तोंडात गाठ धरून बसला होता.

"गाठ देतो," नाग म्हणाला. "बदल्यात तुझा राग दे. मी थंड प्राणी आहे, मला ऊब हवी."

"राग मिळणार नाही. तो मला घरी लागणार आहे. दुसरे काही माग."

"मग केस दे."

तिने गुडघ्यापर्यंतची वेणी तिथेच कापून दिली. नाग वेणीला वेटोळे घालून झोपला.

दुसऱ्या दिवशी ती लोखंडी झाडापाशी पोहोचली. झाडाखाली शापित खजिना उघडा पडला होता. जो त्यातला खडा उचली, तो स्वतः खडा होऊन तिथेच पडे. माणके बोलू लागली. "राजकन्ये, आम्हाला घे. परक्यांसाठी एवढे कष्ट कशाला?"

परके हा शब्द ऐकून तिच्या कपाळाची शीर उडाली. ती माणकांवर पाय रोवून झाडावर चढली. पाने सुऱ्यांसारखी होती. तळवे फाटले, कोपरे सोलली, पण गाठ हाती आली.

तिसऱ्या दिवशी दुपार कलताना ती परतली, तेव्हा पक्षी ओर्वानच्या हाकांना माना वळवीनासे झाले होते. इल्मा तेवढी अजून पाहत होती, तीही उशिराने.

"आता सांग," शाल्मली साळुंकीला म्हणाली.

"तिसरी गाठ तुझ्या वडिलांच्या शेल्याखाली, कमरेला आहे. ज्याने आज्ञा दिली, त्याच्याच अंगावर ती बांधावी लागते."

शाल्मली क्षणभर तळ्याच्या पायरीवर बसली. मग उठली आणि रक्ताळलेल्या हातांनी दरबारात गेली.

"महाराज, शेला सोडा."

दरबार उभा राहिला. वज्रनाथ म्हणाला, "राजकन्ये, मर्यादा."

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही आज्ञा पाळली. आज्ञा देणाऱ्याशी मला बोलायचे आहे."

राजाने शेला सोडला. गाठ साऱ्यांनी पाहिली.

"मला भीती वाटली," राजा म्हणाला. "तू त्यांची होशील. सात समुद्रांपलीकडे जाशील. तुझी मुले माझी भाषा बोलणार नाहीत."

"भीती तुम्हाला वाटली आणि पिसे त्यांना फुटली. तुम्ही मला सांगायला हवे होते, आबा. मी तुमच्यापाशी बसले असते. तुम्ही माझ्या पाहुण्यांना घरी बोलावून त्यांचा अपमान केलात आणि तीन दिवस मला रानात फिरू दिलेत."

राजाने कमरेचा दोरीचा तुकडा काढून तिच्यापुढे धरला.

"तीनही गाठी तुम्हीच सोडायच्या," ती म्हणाली. "त्यांच्या पायांशी बसून. आणि सोडताना त्यांच्या भाषेत म्हणायचे, ओरा मिल्वे. म्हणजे, या, घर तुमचे आहे."

सूर्य टेकला होता. पक्षी पंख पसरू लागले होते. राजा तळ्याच्या चिखलात इल्मापुढे गुडघ्यांवर बसला. पहिली गाठ सुटली, दुसरी सुटली. तिसरी घट्ट होती. त्याने ती दातांनी सोडवली आणि म्हणाला, "ओला मिर्वे."

"चुकले," शाल्मली म्हणाली. "पुन्हा."

"ओरा मिल्वे."

पिसे गळाली. तळ्याकाठी दोनशे माणसे ओल्या पायांनी उभी राहिली. त्याच घटकेला वज्रनाथाच्या हातातली राख साधी चुलीतली राख झाली, आणि पुढे जन्मभर तशीच राहिली.

इल्मा बोलू लागली. राजाने ओर्वानकडे पाहिले. "काय म्हणतात?"

"आई म्हणते, तीन दिवस बेडूक खाल्ले. आधी जेवायला वाढा, माफीचे नंतर पाहू."

त्या संध्याकाळी राजाने स्वतः पंगतीत फिरून वाढले. प्रधानाने पाणी दिले, राजाच्या बहिणीने उष्टी काढली. दुसऱ्या सकाळी सनईबरोबर बेटाचे ढोल वाजले. आधी गौरीहराची पूजा झाली, मग बेटाच्या रीतीने वधूवरांनी एका वाडग्यातून मध चाटला. वधूचे केस मानेपर्यंतच होते आणि दोन्ही हात पट्ट्यांत बांधलेले होते.

मंगलाष्टके सुरू झाली. राजा अक्षता मुठीत धरून लेकीजवळ आला.

"राग गेला का?" त्याने हळूच विचारले.

"नाही," शाल्मली म्हणाली. "अक्षता टाका."

राजाने अक्षता टाकल्या. लग्न लागले, राज्याची घडी बसली, आणि त्या मांडवातून कोणीही उपाशी परतले नाही.