गिळलेली संध्याकाळ

एका राज्यात, जिथे पक्षी शंभरी ओलांडत आणि माणसांशी बोलत, सुरंग नावाचा वृद्ध राजा होता. त्याची थोरली बहीण हेमरेखा साठ वर्षे अंगणात शिळा होऊन उभी होती. एका मायावी जादूगाराने तिला मागणी घातली, ती हसली, म्हणून त्याने राज्यातल्या साऱ्या माणसांना झोपवले, हात उगारला आणि शाप दिला. "या क्षणी आकाशात कोणत्या चांदण्या दिसत होत्या, ते जो हिच्यापुढे अचूक सांगेल, तोच हिला सोडवील. तीनदा सांगता येईल. साठ वर्षे सरली, सूर्य बुडाला, की वाळू!" ही अक्षरे शिळेच्या पायथ्याशी आपोआप उमटली होती.

आज साठावे वर्ष सरत होते. बखरीत क्षण लिहिला होता, 'वैशाख अमावास्या, दिवेलागण.' दरबारी ज्योतिषी वामदेव जोशांनी संध्याकाळच्या चित्रा-स्वाती सांगितल्या, शिळेला चीर गेली. मग बखरीची वेळ चुकली असेल म्हणून मध्यरात्रीच्या ज्येष्ठा-अनुराधा सांगितल्या, दुसरी चीर गेली. आता एकदाच सांगायचे उरले होते.

तेव्हा घटिकागृहाचा म्हातारा गोंदाजी पुढे आला. पाण्यावर भोकाची वाटी सोडावी, ती बुडाली की टोल द्यावा, हे त्याचे जन्माचे काम. घटिकेच्या राखणदाराच्या मनगटी झोप न येऊ देणारा जागराचा दोरा असे, म्हणून शापाच्या दिवशी माणसांत जागा तो एकटाच.

"महाराज, बखरीतली वेळ माझ्या तोंडची. खोटी असेल."

"असेल म्हणजे? मला नीट सांग."

"तेच तर कळत नाही, महाराज. पंधरा वाट्या बुडाल्या, म्हणजे भर दुपार. टोल दिला आणि अंधार पडला! तेवढ्यात ताईसाहेबांची किंकाळी आली. मी डोळे मिटून कोपऱ्यात बसलो. उघडले तर ऊन. मग पुन्हा रीतसर संध्याकाळ झाली. एका दिवसाला दोन संध्याकाळी! वाटलं, वाट्या मोजायला चुकलो. चुकला त्याची जागा जाते. म्हणून एक संध्याकाळ गिळली नि किंकाळी दुसरीच्या गळ्यात बांधली."

वामदेव हसले. "म्हातारा बरळतो! अमावास्येला भांग घोटली असेल."

राजा म्हणाला, "तीन साक्षी आण."

गोंदाजी निघाला. मनातून त्याला वाटे, जोशीबुवाच खरे असतील.

पहिला साक्षी कोंबडा. "दोनदा आरवलो, बाबा. दुसऱ्यांदा आरवलो तेव्हा कोणी उठलंच नाही. तेव्हापासून मला वेडा म्हणतात."

दुसरे घुबड. "शिकारीला निघालो. उंदीर धरला नि डोळ्यांत ऊन घुसलं! अजून राग आहे."

तिसरी चक्रवाकी. नदीकाठची ती म्हणाली, "सूर्य गेला की आम्ही जोडीची पाखरं वेगळी होतो. त्या दिवशी भर दुपारीच ताटातूट झाली, तीही इतकीशी, की रडायलाही वेळ मिळाला नाही."

गोंदाजीने परतून तिघांची साक्ष सांगितली, तसा वामदेवांनी कपाळाला हात लावला. "खग्रास सूर्यग्रहण! माझ्या आज्याच्या गणितातून निसटलं वाटतं. पण दिवसाच्या चांदण्या कोणत्या? त्यांचं पंचांग कोण ठेवतं?"

गोंदाजीने सूर्याकडे पाहिले. ऊन कलले होते.

"जोशीबुवा, मी अडाणी. पण त्या दिवशी सकाळी शेतकरी म्हणत होते, सूर्य रोहिणीत आला. मग रोहिणी त्याच्या शेजारीच ना? शेजारीण दिवसा असतेच, याच्या उजेडात दिसत नाही एवढंच."

"बरोबर! मग कृत्तिकाही जवळच. त्याही सांग."

"थांबा." गोंदाजी गोंधळला. "दिवेलागणीला आधी बारीक चांदण्या दिसतात का हो? आधी ठळक. अंधार तर चिमूटभरच होता. नाही, कृत्तिका नको."

"आणि चुकलास तर?"

"तर काय, तेही माझ्याच माथी."

तो शिळेपुढे गेला, मान वर केली. "ताईसाहेब, माथ्यावर काळा सूर्य. त्याच्या शेजारी रोहिणी. पूर्वेला कलून मृग. त्याच्या मागे, आग्नेयेला, व्याध. बाकी मला दिसत नाही."

चिरा बुजल्या. दगडाला घाम फुटला, मग श्वास आला. हेमरेखेने डोळ्यांवर हात धरला आणि समोरच्या पांढऱ्या दाढीला विचारले, "आजोबा, माझा सुरंग कुठंय? आठ वर्षांचा आहे."

राजाने मुकुट उतरवला. "ताई, मीच."

तिने त्याला खालवर न्याहाळले, हनुवटीवरचा तीळ पाहिला. "मग असा उन्हात बोडका काय उभा? चल आत."

राजा मुकाट्याने तिच्यामागून गेला. बखरीत दिवेलागण खोडून भर दुपार लिहिली गेली, गोंदाजीची जागा राहिली, आणि त्या दिवशी राज्यात संध्याकाळ एकदाच झाली.