तीन संघांची वाटणी

मिरजेच्या बास्केटबॉल संघाचे मालक वारले आणि संघ त्यांच्या पत्नी वैजयंतीबाईंकडे आला. खेळातलं त्यांना फार कळत नव्हतं. पण उंचापुरा अभिमन्यू गेला तर संघ मोडेल, एवढं पक्कं कळत होतं.

नेमका तोच लीगच्या अध्यक्षांना, कोल्हापूर संघाच्या सर्जेरावांना, हवा होता. मालकांच्या भर बैठकीत त्यांनी तीन संघांची अदलाबदल मांडली. अभिमन्यू आणि नाशिकचा नेमबाज कोल्हापूरला, कोल्हापूरचा गुडघा दुखावलेला खेळाडू मिरजेला आणि कोल्हापूरचेच बाकावर बसून राहणारे दोघे नाशिकला.

"तिन्ही वाटे अगदी सारखे आहेत, वहिनी. सगळ्यांसमोर शपथ घेतो," सर्जेराव म्हणाले. "आता नाही म्हणालात, तर पुढच्या मोसमात तुमच्या संघाला जागा मिळणं कठीण."

नाशिक संघाचे मालक पाठारेकाका मान खाली घालून बसले होते. वैजयंतीबाईंनी मनोमन महादेवाला हात जोडले.

"सारखे आहेत ना, मग माझी कसली हरकत? आमच्या सोळा सोमवारांच्या चुरम्याचेही तीनच भाग होतात, भाऊसाहेब. आणि भाग करणारी आपला भाग सगळ्यांत शेवटी घेते. इथे वाटे तुम्ही केलेत. पहिला मी उचलते, दुसरा काका उचलतील."

पाठारेकाकांनी मान वर केली आणि गाभाऱ्यासमोर उभं राहावं तसे ते पाहत राहिले.

सर्जेरावांनी आपणच वाटे मोडले आणि नव्याने मांडले. या खेपेला इतक्या निगुतीने, की शेवटी उरेल तो घ्यायला कुणीच कचरलं नसतं.

वैजयंतीबाईंनी अभिमन्यूचा वाटा उचलला.