परतीची जागा

एकदा एक मुलगी वैद्यकी शिकण्यासाठी डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या एका वृद्ध वैद्याकडे आली. तिचे नाव द्वारका. श्रावण लागून चार दिवस झाले होते, ओढे भरून वाहत होते, आणि तिच्या ट्रंकेत दोन लुगड्यांखाली वडिलांच्या हातच्या औषधांच्या वह्या होत्या. वडील त्यांच्या गावाचे वैद्य. ते माघात वारले. गावाने चावडीवर बसून असे ठरवले की, मुलगी वृद्ध वैद्यांची संमती घेऊन पुढच्या पावसाच्या आत, म्हणजे तापाची साथ सुरू होण्यापूर्वी परतली, तर वडिलांचे औषधालय तिने चालवावे. नाही तर पलीकडच्या तालुक्यातला एक वैद्य यायला तयारच होता.

वह्या तिला तोंडपाठ होत्या. भीती निराळीच होती, आणि ती तिने कोणाला सांगितली नव्हती. वडील एकदा एका लहान मुलाचा मोडलेला हात बसवत होते. त्यांनी तिला मुलाचा दंड घट्ट धरून ठेवायला सांगितले होते. मूल किंचाळले, ही दचकली, तोंड फिरवले आणि हात सुटला. हाड वाकडे सांधले गेले. वडील एका शब्दाने बोलले नाहीत, तेच तिच्या मनात रुतून बसले. पुढे स्वयंपाकघरात झाकणी पडली तरी तिच्या छातीत धस्स व्हायचे. दचकणाऱ्या माणसाने वैद्य होऊ नये, अशी तिची खात्री झाली होती. औषधे शिकायला आले असे ती सांगे. खरे तर ती आपले दचकणे घालवायला आली होती.

किती महिने लागतील, असे तिने पहिल्याच दिवशी विचारले. वृद्ध वैद्य म्हणाले, "रोज सकाळी फिरायला जाऊ. बाकीचं होईल हळूहळू."

दुपारी ते तिला नाडी शिकवीत, काढे उकळून घेत, मुळ्या वासावरून ओळखायला लावीत. पण सकाळ मात्र फिरण्याची. वाट एकच: घरामागून निघायची, ओढा ओलांडायची, गवताळ उतारावरून रानात शिरायची आणि रानातून डोंगराच्या माथ्यावर जायची. फडक्यात दोन भाकऱ्या आणि कांदा बांधून वैद्य पुढे, द्वारका मागे. बरोबर टोपली नाही, कोयता नाही. वाटेत औषधी झाड दिसले तरी ते त्याचा गुण सांगत नसत. ती सांगू लागली, तर म्हणत की, ते दुपारी.

पहिल्या सकाळी ओढ्याच्या काठी तिच्या पावलाखाली एक दगड हलला. "अगं आई!" म्हणून ती दोन पावले मागे सरली. वैद्य थांबले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि तिलाही त्यांनी खुणेने जवळ बोलावले. दगड नव्हताच तो. नांग्या उगारून एक खेकडी बसली होती. थोड्या वेळाने ती निवळली, तेव्हा तिच्या पोटाच्या घडीत मुगाच्या डाळीएवढी पिल्ले वळवळताना दिसली. दोघे पाण्यात पाय सोडून बसले. पाणी इतके गार होते की तिच्या पोटऱ्या बधिर झाल्या, आणि तरी पाय काढावेसे वाटेनात. भाकरी खाऊन झाल्यावर वैद्य उठले आणि म्हणाले, "चल, परत जाऊ."

घरी वैद्यांची विधवा बहीण होती. तिला सगळे आक्का म्हणत. दारातच तिने द्वारकेच्या पायांकडे नजर टाकली. "ओढ्यापुढे गेलाच नाहीत वाटतं. लाल मातीचा ठिपकासुद्धा नाही पायाला."

असेच होत गेले. कधी अर्धी वाट, कधी पाव. द्वारका दचकली की वैद्य थांबत, दोघे पाहत, बसत आणि मग परतत. आश्विनात उतारावरचे गवत कमरेएवढे वाढून सोनेरी झाले होते. त्यातून अगदी तिच्या पायाजवळून आठ-दहा लावे भर्रकन उडाले, आणि ती मटकन खालीच बसली. वैद्यांनी तिचा हात धरला आणि लावे जिथे बसले होते तिथल्या दबलेल्या गवतावर टेकवला. जागा अजून उबदार होती. पाखरे एकमेकांना शेपट्या टेकवून, तोंडे बाहेर करून गोल बसतात, म्हणून ऊब अशी वाटोळी राहते, असे त्यांनी सांगितले. तिने बराच वेळ तळहात उचलला नाही. उठल्यावर वैद्य घराकडे वळले.

मार्गशीर्षातल्या एका धुक्याच्या सकाळी रानाच्या तोंडाशीच तिच्या चेहऱ्यावर दवाने भरलेले कोळ्याचे जाळे आले. ती ओरडली, दोन्ही हातांनी तोंड पुसू लागली. मग आपणहूनच थांबली. वाकून, मान वळवून, तुटलेल्या धाग्याला लोंबणारा कोळी शोधू लागली. वैद्य उन्हाच्या कवडशात एका खडकावर बसले. कोळ्याने पहिला धागा पुन्हा ताणला, मग दुसरा. खडक हळूहळू तापत गेला. वैद्यांनी शेजारच्या बोरीची बोरे तिच्या ओंजळीत घातली. एक आंबट निघाले, त्याने दोघांचीही तोंडे वाकडी झाली. त्या दिवशी परत येताना वैद्य स्वतःशीच काही गुणगुणत होते.

आक्का मात्र चुलीपुढून म्हणाली, "आज काय, जाळ्यानं अडवलं? अगं, मुंगी आडवी आली म्हणून परत याल उद्या. अशानं माथा गाठेपर्यंत केस पांढरे होतील तुझे. एकदा माथ्यावर जाऊन आलीस ना, की सुटलीस बघ."

आक्काने थट्टा केली आणि ती भाकरी थापू लागली. द्वारकेच्या हातातला पाण्याचा तांब्या मात्र तसाच राहिला. चार महिन्यांचा उलगडा एका क्षणात झाला, असे तिला वाटले. ती दचकते, म्हणूनच गुरुजी परत फिरतात. प्रत्येक परतणे म्हणजे नापास होणे. माथा गाठेल तेव्हा संमती मिळेल, आणि दचकेल तोवर माथा मिळणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने पदर कमरेला आवळला, दात दातांवर ठेवले आणि नजर वैद्यांच्या टाचांवर रोवली. पावले मोजायला घेतली. कानावर काही आले की ती आकडा मनात मोठ्याने म्हणे. बाजूच्या झुडपात काही खसफसले, तिचा श्वास अडला, पण मान वळली नाही. वैद्यांनी एकदा मागे वळून पाहिले आणि चालत राहिले. त्या दिवशी ती दोघे रानात पहिल्यांदाच खोल गेली. आठवडाभराने त्याहूनही पुढे. माघात आंब्यांना मोहोर आला, त्याच्या वासाने रान जड झाले, ती मोजत राहिली. फाल्गुनात पळस फुलला, पायाखाली फुलांचा सडा पडू लागला. तिला तो फक्त टाचांच्या कडेने लालसर दिसे. वैद्य अधूनमधून विचारत, बसू या का? ती म्हणे, नको गुरुजी, दमले नाही मी. आक्का म्हणाली की, पोरगी चांगली काटक झाली हो. ते ऐकून तिला बरे वाटले. रात्री झोप मात्र उडत चालली होती, आणि ते का हे तिला कळत नव्हते.

वैशाखाच्या अखेरीस ती दोघे माथ्यावर पोहोचली. खाली दोन नद्या, सात-आठ गावे, आणि दूर तिच्या गावाच्या बाजूची धूसर टेकडी. वैद्य धापा टाकत एका शिळेवर टेकले. मग त्यांनी विचारले, "काय काय भेटलं वाटेत?"

"तीन हजार नऊशे बारा पावलं झाली," ती म्हणाली. मग घाईघाईने पुढे म्हणाली, "पण एकदाही दचकले नाही, गुरुजी."

वैद्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले. काहीतरी हरवल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग ते उठले आणि उतरू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पदर खोचून दारात उभी राहिली, तेव्हा पाय दुखतात असे सांगून ते पुन्हा पांघरूण घेऊन पडले. तिसऱ्या दिवशीही तेच. माथा गाठून झाला होता, आणि संमतीचा शब्द नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी तिच्या गावचा रामजी बैलगाडी घेऊन आला. भला माणूस. ओसरीवर पाणी पिऊन झाल्यावर त्याने गावाचा निरोप सांगितला: ढग दिसू लागलेत, दोन पोरांना ताप आलाय, आणि तो दुसरा वैद्य उत्तर मागतोय. उद्या सकाळी गाडी निघेल, ताई त्यात बसून वैद्य म्हणून येणार की नुसती गावची लेक म्हणून, एवढे कळले पाहिजे. शेवटचे वाक्य त्याने जमिनीकडे बघत उच्चारले. ते त्याला पढवून पाठवलेले होते.

द्वारका आत गेली. वैद्य खाटेवर टेकून बसले होते. ती उंबऱ्याशीच बसली, आणि संमती मागण्याऐवजी तिच्या तोंडून निराळेच बाहेर पडले. त्या मुलाची किंकाळी, सुटलेला हात, वाकडे हाड, वडिलांचे न बोलणे. दचकणे घालवायला आले होते, घालवलेही, मग अजून काय उणे आहे, असे तिने विचारले. विचारता विचारता ती रडू लागली.

वैद्यांनी तिला पुरते रडू दिले. मग म्हणाले,

"तू दचकलीस म्हणून मी परत फिरायचो, असं वाटलं तुला? अगं, चाळीस वर्षं मी ही वाट चालतोय. पाय आपले चालतात, डोळ्यांना आता नवं काही दिसत नाही, कानांना कमी ऐकू येतं. तू दचकायचीस आणि मला कळायचं, इथं कोणीतरी आहे. ती खेकडी मी एकट्यानं तुडवली असती. कोणी भेटलं, त्याच्यापाशी घटकाभर बसलो, की त्या दिवसाचं फिरणं पुरं झालं. मग कशाला पुढं जायचं? म्हणून परत फिरायचो. माथ्यावर गेलो, त्या दिवशी मात्र आपण फिरलोच नाही.

आणि त्या पोराचं म्हणशील, तर किंकाळी ऐकून तू दचकलीस ते ठीकच झालं. दुसऱ्याच्या दुखण्यानं जो दचकत नाही, त्याच्या हाती मी रोगी देणार नाही. तू तोंड फिरवलंस, तेवढं चुकलं. दचकल्यावर पुन्हा वळून वाकायचं असतं. जाळं तोंडावर आलं त्या दिवशी मी न सांगता तू वाकलीस. तुझं शिक्षण तिथंच झालं होतं, पोरी."

ती डोळे पुसायची थांबली. तेव्हापासून पाच महिने झाले होते.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगायचं होतं. पण सांगितलं की तू जाणार. मला तुझ्यासंगं फिरायची गोडी लागली होती. म्हटलं, आंब्याचा मोहोर दाखवू, पळस दाखवू, मग सांगू. तोवर तू मान खाली घातलीस. मला वाटलं, काहीतरी मनात असेल, येईल वर. वाट बघत बसलो. ती माझी चूक."

दाराआडून आक्काने हळूच नाक ओढल्याचा आवाज आला. आपली थट्टा कुठवर गेली, हे तिलाही तेव्हाच उमजले असावे. ती रामजीसाठी ताट वाढायला गेली.

वैद्य उठले, ओसरीवर आले आणि रामजीला म्हणाले, "गावाला सांग, वैद्यीणबाई येताहेत. आणि गाडी जरा सावकाश हाक. वाटेत त्या थांब म्हणाल्या तर थांब."

त्या संध्याकाळी ती एकटीच घरामागच्या वाटेने गेली. माघातला मोहोर आता कैऱ्या होऊन गेला होता, पळसाला नुसती पाने होती. जे गेले ते गेले, हे तिने स्वतःशी कबूल केले. मग एका करवंदीच्या जाळीपाशी ती इतका वेळ बसली की परतेपर्यंत तिची बोटे चिकट आणि काळीनिळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी कलत्या उन्हात गाडी तिच्या गावाच्या वेशीत शिरली. माणसे जमलेलीच होती. ती उतरते न उतरते तोच एका म्हाताऱ्याला पुढे आणले. गूळ करताना काहिलीत हात पोळला होता आणि महिनोन्‌महिने कोणी नीट पाहिला नव्हता. फडके सोडताच वास आला. म्हातारा कळवळून ओरडला. द्वारका दचकली, सगळ्यांच्या देखत, चांगली खांद्यापासून दचकली. मागे कोणीतरी बाई पुटपुटली की, हिच्याच्यानं काय होणार.

द्वारकेने एक श्वास घेतला आणि ती वाकली.

"आजोबा, उजेडाकडे करा हात," ती म्हणाली. "मला नीट बघू द्या."

हल्ली पहाटे फिरून आलेल्याला किती पावले झाली, हे सगळेच विचारतात. तुम्ही कुठे थांबलात, एवढे एकदा स्वतःला विचारून पाहावे.