चादरीआडची सावली

श्टुटगार्टच्या आमच्या मराठी मंडळाचा मी अध्यक्ष होतो, आणि अध्यक्षासारखाच मिरवायचो. त्या शहरात बावीस वर्षं कथक शिकवणाऱ्या सुनेत्राताई गणपतीच्या कार्यक्रमात हाना या जर्मन शिष्येला सगळ्यांत पुढे उभं करणार होत्या. तालमीच्या दिवशी मी तडक स्टेजवर चढलो आणि त्यांना बजावलं, "गणपती आपला, नाच आपला. पुढे आपलीच मुलगी हवी."

"हवीच," ताई शांतपणे म्हणाल्या. "तुम्हीच निवडा. फक्त चेहरे बघायचे नाहीत."

त्यांनी एक पांढरी चादर ताणून बांधली, मागे दिवा लावला आणि मुलींना चादरीमागे घुंगरू बांधायला बसवलं. मला दिसत होत्या नुसत्या सावल्या. एका सावलीनं घुंगरांची पिशवी पायानंच पुढे ओढली. दुसरीनं घुंगरू आधी कपाळाला लावले, जमिनीला हात लावून नमस्कार केला आणि मगच बांधायला घेतले.

"ही," मी लगेच बोट दाखवलं. "संस्कार लपत नाहीत. आणि ती पायानं ओढणारी मागेच राहू दे."

ताईंनी चादर सोडली. नमस्कार करणारी हाना होती. पिशवी पायानं ओढणारी माझी लेक शर्वरी.

"ठरलं तर, साहेब," ताई म्हणाल्या. "पुढे आपलीच मुलगी."

मला मान वर करवेना. खाली पाहिलं, तर स्टेजवर सगळे अनवाणी होते, आणि मी एकटा बूट घालून उभा होतो.